बाटली काउंटरवर नंतर, आगळ आधी स्वयंपाकघरात

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कुडाळजवळच्या गावात तुम्ही दोघं नवरा-बायको दोन वर्षं कोकमाचं आगळ (म्हणजे मीठ घालून टिकवलेला कोकमाचा रस), मालवणी मसाला, वड्याचं पीठ आणि कुळथाचं पीठ पॅक करून विकताय. मालवण-तारकर्ली पट्ट्यातली बारा हॉटेलं फिरलात. दहा जणांनी "बघू" म्हटलं. दोघांनी काउंटरवर बाटल्या ठेवून घेतल्या आणि चार महिन्यांत सहा बाटल्या गेल्या. आता तुम्ही विचारताय, हॉटेलवाल्याला किती टक्के कमिशन दिलं म्हणजे तो माल उचलेल? आणि शेवटी आणखी एक छोटा प्रश्न जोडलाय, की एका हॉटेलवाल्याला स्वतःच्या नावाने मसाला हवाय, तो द्यावा का.

मी वेंगुर्ले तालुक्यात सोळा वर्षं हेच काम करते. बचत गटातल्या आठ बायकांनी सुरुवात केली, आज वीसेक खानावळी आणि तीन-चार रिसॉर्टना माल जातो. त्या अनुभवावरून सांगते, तुम्ही पन्नास टक्के कमिशन दिलंत तरी त्या बाटल्या तिथेच धूळ खात राहतील. अडचण टक्क्यांची नाही. तुम्ही हॉटेलला दुकान समजून गेलात, ही अडचण आहे.

पुण्या-मुंबईहून आलेलं कुटुंब तारकर्लीत मासे खायला उतरतं. बिल भरताना काउंटरवर लाल पाण्याची बाटली दिसली, तर ती कशाची हेच त्यांना कळत नाही. आगळ आणि सरबताचं सिरप यातला फरक घाटावरच्या किती जणांना माहीत असतो? पण त्याच माणसाने जेवताना सोलकढीचा दुसरा ग्लास मागून घेतला असेल, तर तो स्वतःहून विचारतो, "ही घरी कशी करायची?" बाटली त्या क्षणाला विकली जाते. म्हणून आधी तुमचं आगळ त्या ग्लासात गेलं पाहिजे. हॉटेल हे तुमचं पहिलं गिऱ्हाईक आहे, विक्रेता ते पुढे होईल.

आता हॉटेलवाल्याच्या बाजूने बघा. आठ-नऊ वर्षांपूर्वी मी देवबागच्या वाटेवरच्या एका खानावळीत गेले होते. चाळीस माणसांची पंगत बसेल एवढी जागा, चुलीवर मालकीणबाई स्वतः. मी नेहमीसारखी बाटली पुढे केली, लेबल दाखवलं. त्यांनी लेबलाकडे बघितलंसुद्धा नाही. नारळाचं दूध काढलेलं होतं, त्यातलं वाटीभर घेतलं, पळीने माझं आगळ घातलं, ढवळलं, चाखलं. मग फडताळातली त्यांची स्वतःची बरणी काढून दुसऱ्या वाटीत तसंच केलं. दोन्ही वाट्या उजेडाला धरून रंग बघितला आणि म्हणाल्या, "रंग बरो असा. पण मीठ जास्त. माका मीठ घालूक जागा ठेव."

हे एक वाक्य माझ्या धंद्याला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. मीठ पार कमी करता येत नाही, कारण आगळ वर्षभर टिकतं ते मिठावरच. पण तोवर आमच्याकडे मीठ अंदाजाने पडत होतं, बाईगणिक मूठ वेगळी. त्या दिवसानंतर आम्ही प्रत्येक घाण्याला रस मोजून आणि मीठ वजन करून घालायला लागलो, आणि टिकण्यापुरतं लागतं त्याच्या वर एक चमचाही घालायचं नाही असं ठरवलं. बाटलीऐवजी पाच लिटरचा कॅन द्यायला लागलो आणि त्याच्या दोऱ्याला एक छोटं मापाचं भांडं बांधलं, पंधरा मिलीचं. एक ग्लास सोलकढीला एक माप. आचारी बदलला, मालकीणबाई लग्नाला गेल्या, भांडी घासणाऱ्या मुलाने सोलकढी केली, तरी चव तीच आली पाहिजे. हॉटेलवाला पैसे त्या भरवशाचे देतो.

हिशेब मांडून बघा. माझ्या मापाने एका लिटरमध्ये सासष्ट ग्लास होतात, सांडलंवरलं धरून साठ. समजा आगळ १८० रुपये लिटर दिलंत, तर एका ग्लासामागे तुमचं आगळ पडतं तीन रुपयांचं. तोच ग्लास तो चाळीस-पन्नास रुपयांना विकतो. तुम्ही लिटरमागे वीस रुपये कमी केलेत तर त्याचे ग्लासामागे तीस-पस्तीस पैसे वाचतात. तेवढ्यासाठी कोणी पुरवठादार बदलत नाही. पण एके दिवशी सोलकढी खारट झाली आणि टेबलावरून परत आली, की तो दुसऱ्या दिवशी दुसऱ्याकडे जातो. म्हणून भाव पाडून आत शिरू नका. पुढच्या वर्षी भाव वाढवणं फार अवघड जातं.

इथे मला माझी एक चूक सांगायलाच हवी, कारण तुम्ही दोघं नेमके त्याच वाटेवर आहात. तिसऱ्या वर्षी मला अकरा खानावळी मिळाल्या. मी खूश, सगळ्यांना हो म्हटलं. कोकम मिळतं वर्षातून एकदाच, एप्रिल-मे मध्ये, आणि पावसाचे पहिले दोन सडाके झाले की फळ खराब व्हायला लागतं. तेव्हा जे करून ठेवलं तेच पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरवायचं. माझं आगळ जानेवारीतच संपलं. शब्द दिलेला, म्हणून मी दुसऱ्या एका ठिकाणाहून आगळ विकत घेऊन माझ्या बाटल्यांमध्ये भरून दिलं. ते जास्त खारट होतं आणि रंगाला फिकं. पंधरा दिवसांत तीन खानावळी गेल्या. त्यातल्या दोन अजून परत आलेल्या नाहीत. संपलं म्हणून सांगितलं असतं, तर पुढच्या मे महिन्यात त्यांनी मला पुन्हा बोलावलं असतं, हे मला आज ठाऊक आहे.

म्हणून किती हॉटेलं धरायची हे मे अखेरीस ठरवा, पिंपं मोजून. समजा तुमच्याकडे ५०० लिटर आहे. त्यातलं १०० बाटल्यांसाठी बाजूला काढा. मध्यम खानावळीला गर्दीच्या दिवशी लिटरभर लागतं, एरवी बरंच कमी. ऑक्टोबर ते मे सरासरी रोज अर्धा लिटर धरलं तर एका खानावळीला सीझनभरात १२० लिटर जातं. उरलेल्या ४०० लिटरमध्ये तीन खानावळी बसतात, चौथी नाही. बारा ठिकाणी फिरण्यापेक्षा तीन ठिकाणी दर आठवड्याला जाणं तुम्हाला झेपेलही आणि परवडेलही.

कोणता माल आधी न्यायचा? तुम्ही मालवणी मसाल्याने सुरुवात केलीत असं लिहिलंय. माझ्या मते तो सगळ्यात शेवटी न्यायचा. आपल्याकडे प्रत्येक खानावळीचा मसाला हा त्या घराचा मान असतो. सासूने सुनेला दिलेलं प्रमाण, मार्च-एप्रिलच्या उन्हात वाळवलेल्या मिरच्या, डंकावर समोर उभं राहून कुटून घेतलेला. तुम्ही "माझा मसाला वापरा" म्हणता तेव्हा त्यांना ऐकू येतं, "तुमचा चांगला नाही." त्याऐवजी जे काम कटकटीचं आहे ते उचला. वड्याचं पीठ हे त्यातलं पहिलं. तांदूळ धुऊन वाळवा, उडीद-धणे-मेथी भाजा, जाडसर दळून आणा, हे सीझनमध्ये कोणालाच नको असतं. पीठ नेताना दोन किलोचं न्या आणि तिथेच त्यांच्या कढईत चार वडे तळून बघायला सांगा. वडा टम्म फुगला तर तुम्हाला वेगळं बोलावं लागत नाही. मात्र आपल्या दमट हवेत पीठ लवकर खराब होतं, टोके म्हणजे बारीक किडे पडतात. तेव्हा आठवड्याला लागेल तेवढंच द्या, महिन्याचं एकदम देऊ नका. कुळथाची पिठी न्याहारी-निवासवाल्यांकडे चांगली जाते, रात्री उशिरा आलेल्या पाहुण्याला पिठी-भात पटकन होतो.

मसाल्यातून कमवायचंच असेल तर त्यांचाच मसाला त्यांच्या प्रमाणाने करून द्या. मिरची, धणे, गरम मसाला त्यांनी निवडायचा, भाजणं-कुटणं तुम्ही, मजुरी किलोवर. मी चार खानावळींचा असा मसाला करते. प्रमाणाची वही प्रत्येकाची वेगळी आहे आणि एकीची दुसरीला कधी दाखवलेली नाही. मार्च ते मे या तीन महिन्यांत यातून येणारा पैसा पुढे कोकम खरेदीला उपयोगी पडतो.

हॉटेल कसलं आहे यावरही बरंच अवलंबून आहे. माझा अनुभव मुख्यतः सिंधुदुर्गातला, दापोली-गुहागरकडे किंवा अलिबागला गणित थोडं बदलेल. घरगुती खानावळीत निर्णय चुलीजवळ होतो, तेव्हा दुपारी चार वाजता जा. जेवणं आटोपलेली असतात, रात्रीची तयारी सुरू व्हायची असते. एक ते तीनच्या गर्दीत गेलात तर "बघू" शिवाय दुसरं उत्तर मिळणार नाही, आणि तुमच्या दहा नकारांतले निम्मे असेच आले असतील असं मला वाटतं. रिसॉर्टला खरेदी बघणारा माणूस वेगळा असतो, त्याला पक्कं बिल, ठरलेला वार आणि वर्षभराचा एक भाव लागतो. सरकारच्या न्याहारी-निवास योजनेतली किंवा तशीच घरगुती मुक्कामाची ठिकाणं माल थोडा घेतात, पण पाकिटं विकायला त्यांच्यासारखी जागा नाही. पाहुणा दोन रात्री राहतो, घरातल्या बाईशी बोलतो, मागच्या पडवीत वाळत घातलेली कोकमाची सोलं बघतो आणि जाताना चार पाकिटं घेऊनच निघतो.

आता काउंटरकडे येते. स्वयंपाकघरात एक सीझन काढल्यावर मालक स्वतः म्हणतो, "वहिनी, चार बाटल्या ठेवा, लोक विचारतात." तोवर थांबा. त्यानंतरही पहिला माल जाकडावर द्या, पण बाराच नग. विकलं त्याचे पैसे, उरलं ते परत. दर आठवड्याला कॅन द्यायला जाल तेव्हा स्वतः मोजा, धूळ पुसा, तारीख जवळ आलेली बाटली काढून आणा. दोन महिने नीट खप झाला की जाकड बंद करून रोखीवर या. मार्जिन आमच्या भागात छापील किमतीच्या २० ते २५ टक्के चालतं. १५० च्या बाटलीवर त्याला तीस ते सदतीस रुपये सुटतात, आणि ते पुरेसे आहेत.

बाटल्या कुठे जास्त जातात याबद्दल एक निरीक्षण. किनाऱ्यावर पर्यटक ट्रिपच्या सुरुवातीला असतो, तेव्हा सामान कोण वाढवणार? खरेदी होते परतीच्या जेवणाला. त्यामुळे महामार्गालगतची कणकवली-कुडाळकडची हॉटेलं आणि रेल्वे स्टेशनच्या वाटेवरची चहा-नाश्त्याची ठिकाणं पाकिटांसाठी बरी. गणपतीनंतर चाकरमानी परत निघतात त्या चार-पाच दिवसांत तिथे जेवढा माल जातो, तेवढा पुढच्या पूर्ण महिन्यात जात नाही. आणि झाकणाखाली पक्कं सील असू द्या. आगळ बॅगेत सांडून कपड्यांना डाग पडले, की तो माणूस तुमची बाटली पुन्हा घेत नाही आणि हॉटेलवाल्याला फोन करून बोलतो ते वेगळंच. दोनशे मिलीची छोटी बाटली प्रवासी सहज उचलतात.

उधारीबद्दल मी कडक आहे. एका मोठ्या रिसॉर्टला मी दिवाळीपासून माल देत होते, "महिन्याचं बिल महिन्याला" असं तोंडी ठरलेलं. मार्चनंतर बिलं थांबली, मे अखेरीस तिथला व्यवस्थापक बदलला, नव्याने सांगितलं की जुनं मला माहीत नाही. अर्धे पैसे दीड वर्षाने मिळाले, अर्धे गेले. आता नियम असा की खानावळीशी पुढचा कॅन देताना मागच्याचे पैसे, आणि रिसॉर्टशी पंधरा दिवस, लेखी. तुम्ही 'उद्यम' ही लहान उद्योगांची सरकारी नोंदणी केली नसेल तर करून घ्या, फुकट आणि ऑनलाइन आहे. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि नसला तर १५ दिवसांत तुमचे पैसे द्यावे लागतात. आयकरातही आता नियम आहे की ही मुदत टाळून थकवलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी खर्चात धरता येत नाही. रिसॉर्टच्या हिशेबनीसाला हे बरोबर ठाऊक असतं. बिलावर तुमचा उद्यम क्रमांक छापला की बोलणंच वेगळं होतं. खानावळीशी मात्र कायद्याची भाषा करू नका, तिथे नातं चालतं.

एक जूनच्या आत सगळी येणी गोळा करा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, पर्यटक कमी, काही खानावळी शटर ओढतात. त्या दोन महिन्यांत कोणाकडे पैसे मागणं दोघांनाही जड जातं. श्रावणात मासे-मटण थंडावतं, पण काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे चालू राहतात, पिठाची मागणी तिथून पुन्हा सुरू होते.

कागदपत्रांचं थोडक्यात. अन्न सुरक्षेची नोंदणी किंवा परवाना उलाढालीप्रमाणे लागतो, आणि तो चौदा अंकी क्रमांक पाकिटावर तसा बिलावरही हवा. पाच लिटरच्या कॅनलासुद्धा तारीख आणि बॅच क्रमांक चिकटवा. हॉटेलच्या परवान्याची अटच आहे की माल नोंदणीकृत माणसाकडून घ्यावा आणि त्याची नोंद ठेवावी. तपासणीच्या दिवशी तुमचं बिल त्याच्या फाइलला असलं, तर त्याला तुमची किंमत कळते. आणि भाव सांगताना कर धरून सांगा. जे रेस्टॉरंट जेवणावर ५ टक्के जीएसटी लावतं त्याला खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही, त्यामुळे तुमच्या बिलातला कर हा त्याचा खर्चच असतो. आधी १८० सांगून बिलात जास्त लावलंत तर त्याला फसवल्यासारखं वाटतं.

मेनूकार्डावर तुमच्या ब्रँडचं नाव छापून घ्यायची घाई करू नका. खानावळीची सगळी पत 'घरगुती' या एका शब्दावर उभी आहे. पहिल्या वर्षी "आमचं नाव लिहा" म्हणालात तर त्यांना तो शब्द काढून घेतल्यासारखा वाटेल. माझ्या वीसपैकी पाचच ठिकाणी आमचं नाव फलकावर आहे, आणि पाचही ठिकाणी त्यांनीच लिहिलंय.

"आमच्या रस्त्यावर दुसऱ्या कोणाला देऊ नका" असं कोणी म्हणाला, तर एका मालापुरतं आणि एका सीझनपुरतं मान्य करा, तेही त्याने किती उचलणार हे आधी ठरवलं असेल तरच. समोरासमोरच्या दोन हॉटेलांत एकच बाटली ठेवणं मात्र मी कोणी न सांगताही टाळते.

आणि तो स्वतःच्या नावाचा मसाला मागणारा हॉटेलवाला. द्या. पण वर त्याचं नाव असलं तरी पाकिटावर उत्पादक म्हणून तुमचा परवाना क्रमांक कायद्यानेच येतो, ते आधी स्पष्ट सांगा म्हणजे नंतर वाद नको. पाकिटं छापायचा खर्च त्याच्याकडून आगाऊ घ्या, कारण उरलेली छापील पाकिटं तुमच्या काही कामाची नसतात. तुमच्या एकूण मसाल्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त त्या एका नावाखाली जाऊ देऊ नका. आणि प्रमाण त्याचं असेल तर ते त्याचंच राहील, तुमचं असेल तर ते लिहून देऊ नका. कोणाचं आहे, हे तुम्ही प्रश्नात लिहिलेलं नाही, ते कळवलंत तर किलोचा भाव कसा लावायचा ते सांगते.